आडाची किल्ली

माझ्या दारामागं खिळ्याला एक किल्ली अडकवलेली आहे. घराची नाही, गाडीची नाही. आमच्या गल्लीतल्या आडावर स्लॅब टाकलाय, स्लॅबच्या मधोमध लोखंडी झाकण आहे, त्या झाकणाच्या कुलपाची ही किल्ली. नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, कधी दहाव्या. तेवढे दिवस मी पिंपं झाकून बसतो आणि येता-जाता ती किल्ली बघतो. पोरगा पडेगावला फ्लॅट घेऊन राहतो, तिथं तर सगळा टँकरचाच कारभार. तो म्हणतो, बाबा, देऊन टाका ती किल्ली कुणाला तरी. कुणाला देऊ? आणि काय सांगून देऊ? सगळी नोकरी ह्या शहराच्या विहिरींत पावडर टाकण्यात घातली मी, आणि स्वतःच्या गल्लीतला एक आड मला राखता आला नाही. तसं म्हणणं पण खोटंच. राखता आला नाही नव्हे, मी तो घालवला. सांगायचंच तर सरळ सांगावं.

आड अरुंद, गोल, दगडी. काठावरून वाकलं की खाली ताटाएवढं आभाळ दिसायचं. एका बाजूला आमचं घर, बरोबर समोर चाचांचं दुकान. चाचा जिल्दसाज होते, पुस्तकं बांधायचे. छावणीतल्या कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळेची पुस्तकं, कुणाची फाटकी पोथी, कुणाचं कुराण, सगळं त्यांच्याकडं यायचं. दुकानाला कायम खळीचा वास. खळ शिजवायला पाणी आडाचंच लागायचं. दुसऱ्या पाण्याची खळ लवकर आंबते, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. मी वाद घालायचो, ते ऐकायचे नाहीत.

त्या आडाशी चाचांचं काय होतं, ते कळायला एक जुनी गोष्ट सांगायला पाहिजे. माझ्या जन्माच्या आधीची आहे, आईनं सांगितलेली. पोलीस ॲक्शन होऊन थोडेच दिवस झाले होते. कोण राहिलंय, कोण निघून गेलंय, काही कळत नव्हतं. निम्म्या घरांना कुलपं. त्यात कुणीतरी उठवलं की आडात विष कालवलंय. हे म्हणायचे त्यांनी, ते म्हणायचे ह्यांनी. दोन दिवस एकाही बाईनं पोहरा सोडला नाही, लेकरं तहानेनं रडायला लागली. चाचांचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. भर दुपारी ते आडावर आले, पोहरा सोडला, ओढला, आणि सगळ्यांच्या देखत ओंजळीनं पोटभर पाणी प्याले. मग तिथंच काठावर बसून राहिले, ऊन उतरेपर्यंत, सगळ्यांना दिसावं म्हणून. त्यांच्या आईनं घरात ऊर बडवून घेतला. ऊन उतरलं तरी चाचा धडधाकट. आमची आई पहिली उठली. तिच्या लग्नातला तांब्याचा तांब्या होता, तिचं नाव कोरलेला. तो घेऊन ती आडावर गेली आणि चाचांनीच तिला पाणी काढून दिलं.

कागदावर आड सरकारी. पण त्या दिवसापासून गल्लीला ठाऊक होतं की आड चाचांचा. चपला खाली काढा, काठावर भांडी घासू नका, पोहरा जमिनीला टेकवू नका. दुकानात बसून पुठ्ठ्याला खळ लावता लावता त्यांचं लक्ष बाहेर. बाया वैतागायच्या, पण ऐकायच्या. त्यांचं मागणं एवढंच होतं की हे पाणी पिण्याजोगं राहिलं पाहिजे. पुढं म्हातारे झाले, डोळे अधू झाले, तरी तेवढंच.

मला पाणी खात्यात नोकरी लागली तेव्हा आईपेक्षा चाचांना जास्त आनंद झाला. काम काय, तर सायकलला डबा बांधून हिंडायचं आणि सार्वजनिक आड-विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायची. नुसती फेकायची नसते ती. बादलीत कालवायची, चोथा खाली बसू द्यायचा, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायचं आणि ती बादली दोरानं सोडून आतल्या पाण्यात वर-खाली हलवायची. अर्ध्या तासानं पाणी काढायचं, काचेच्या नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं म्हणजे पावडर लागली. लोक शिव्या घालायचे. चहाला वास येतो, डाळ शिजत नाही, एक ना दोन. माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचो, कॉलरा झाला की मग या माझ्याकडं. चाचा मात्र दुकानातून उठून यायचे, नळी उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "हौ, हल्दी लगी." हा आमचा दोघांचा कार्यक्रम बरीच वर्षं चालला.

मग जायकवाडीचं पाणी आलं. घराघरात नळ. तो आनंद मी नाकारत नाही. आईनं दोर गुंडाळून माळ्यावर टाकला आणि नळाला हळद-कुंकू लावलं. पाणी ओढून ओढून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते, तिला मी काय म्हणणार? पण उपसा थांबला की आड आतून मरायला लागतो. झरे बुजतात, पाणी जड होतं. चाचा एकटे खळीपुरते रोज दोन पोहरे ओढायचे. दोन पोहऱ्यांनी काय होतंय.

आता ज्याच्यामुळं घात झाला ते सांगतो. आपल्याकडं देवाची वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत. भंगलेली मूर्ती, तडकलेली तसबीर, घटाची माती, वाळलेले हार, पूजेतला नारळ, सगळं पाण्यात सोडायचं. आम्ही म्हणतो विसर्जन केलं. चाचांकडच्या घरांत म्हणतात ठंडे किए. कुराणाची झिजलेली पानं, आयत लिहिलेले कागद, ताईत, कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून पाण्याच्या हवाली. पूर्वी माणसं त्यासाठी नदीवर जायची. खाम नदीचा नाला झाला, आणि नाल्यात देव कोण सोडणार? गोदावरी म्हणजे पैठण, एस.टी.नं जायचं तर दिवस मोडला. आणि हितं दारात आड, नितळ पाण्याचा, कुणी पीत नाही असा. आड घाणेरडा असता तर त्यात कुणी काही टाकलंच नसतं. पाणी चांगलं होतं म्हणून लोकांनी त्यात देव सोडले. ह्याला काय म्हणावं, हसावं का रडावं, मला अजून कळलेलं नाही.

चाचा दुकानातून ओरडत उठायचे. नक्को, नक्को, मेरेकु दो. पानांची गाठोडी ते लोकांच्या हातातून काढून घ्यायचे, गोणीत साठवायचे आणि कब्रस्तानाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरायचे. त्यांच्या लेखी पानांना तीच इज्जत. फाटक्या पोथ्या आल्या तर आईकडं द्यायचे, आई पैठणला जाईल तेव्हा गोदावरीत सोडायची. पण माणूस दिवसभर किती राखण करणार? जुम्म्याला दुपारी ते मशिदीत जायचे, तेवढा वेळ दुकान बंद. ते सगळ्या गल्लीला माहीत होतं.

ह्या सगळ्यात मी काय करत होतो? मी खात्याचा माणूस. आमच्याकडं रजिस्टर होतं, प्रत्येक विहिरीपुढं लिहायचं, वापरात आहे किंवा वापरात नाही. वापरात नसलेल्या विहिरीला पावडर नाही, फेरी नाही, तपासणी नाही. आमच्या आडापुढं मी एका महिन्यात लिहिलं, "वापरात नाही." कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या बाया आडावरून दारात येणाऱ्या पावडरीच्या वासावरून माझ्या बायकोशी भांडायच्या, ती माझ्याशी भांडायची, आणि मला एक आड कमी झाला तर हवाच होता. चाचा रोज दोन पोहरे ओढतात हे मला दिसत होतं. तरी लिहिलं. मग नियमाप्रमाणं खात्याचा दुसरा माणूस येऊन काठावर लाल अक्षरांत लिहून गेला की हे पाणी पिण्यास योग्य नाही. झालं. लोकांना परवानाच मिळाला. चाचांनी मला एकदाच विचारलं, हे कुणी ठरवलं. मी म्हटलं, वरून आलंय. म्हातारा मान हलवून आत गेला.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी आई गेली. तिचा देव्हारा राहिला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, घासून घासून नाक-डोळे गेलेले देव. बायको शाळेत शिकवायची, सकाळी सातला निघायची. मी साडेसातला. देवांना रोज पाणी कोण घालणार? महिनाभर कोरडेच राहिले ते, आणि रोज सकाळी मला त्यांच्याकडं बघवेना. पैठणला नेऊ म्हटलं, रजा मिळेना. रजा मिळेना म्हणजे मी मागितली नाही. शेवटी आईच्याच त्या तांब्याच्या तांब्यात सगळे देव ठेवले, तोंडाला लाल फडकं घट्ट बांधलं आणि एका शुक्रवारी, चाचा नमाजाला गेल्यावर, आडात सोडले. हात जोडले. माफ कर म्हटलं. कुणी बघितलं नाही. घरी येऊन जेवलो आणि ड्यूटीवर गेलो, आणि दुसऱ्याच्या विहिरीत नारळ तरंगताना दिसला म्हणून तिथल्या लोकांवर तोंडसुख घेतलं.

वर्षं गेली. शहर वाढत गेलं, नळाचं पाणी आटत गेलं. रोजचं दिवसाआड झालं, मग चौथ्या दिवशी, मग आठव्या. मी निवृत्त झालो. गल्लीत घरोघरी टाक्या आल्या, टाक्यांवरून भांडणं आली. आणि दारातल्या आडाला वास सुटला. वर प्लास्टिकच्या पिशव्यांचा थर, त्यात डासांच्या अळ्या. डेंगीचे पेशंट निघाले तशी गल्लीची बैठक बसली आणि ठरलं की आड बंद करायचा, वर स्लॅब टाकायचा. स्लॅबवर दुचाक्या लागतील, हा फायदा वेगळा.

चाचा तेव्हा ऐंशीच्या घरात. डोळ्यांना अगदी अंधुक दिसायचं, काठी टेकत आले बैठकीला. कधी कुणाकडं काही न मागणारा माणूस, त्यांनी गल्लीपुढं हात जोडले. म्हणाले, एक डाव साफ करून बघा. पाणी तपासा. चांगलं निघालं तर ठेवा, नाय निघालं तर खुशाल स्लॅब टाका, मी परत बोलणार नाय. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, हा तपासंल, हा खात्याचा माणूस आहे. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी जबाबदारी घेतली. आतून कुठंतरी मला फार बरं वाटलं. जे लिहून घालवलं होतं ते आता भरून निघेल, असं वाटलं. गल्लीनं पाऊस लागायच्या आधीची मुदत दिली.

कन्नड तालुक्यातून वडारांची टोळी आणली. चौघं, दोन जोडपी, विहिरी उपसायचं पिढ्यांचं काम त्यांचं. पहिल्याच दिवशी मोठा वडार काठावर उभा राहून हसला. म्हणाला, "सायेब, गाळ काढायचाय का देऊळ?" कारण पोहऱ्यातून वर यायला लागले ते देवच. प्लास्टरचे गणपती, हात तुटलेले, रंग उडालेले. काचेच्या तसबिरी. नारळ तर मोजवेनात. कापडात शिवलेली पानांची गाठोडी. माणसं गोळा झाली. कुणाला आपला गणपती ओळखू यायचा, ती बाई तोंडाला पदर लावायची. सोडलेला देव परत वर आलेला बघणं कुणालाच सोसत नाही, मग तो घरचा असो की परका. आता हे कुठं टाकायचं? कचऱ्यात टाकू देईना कुणी.

मी आणि चाचांनी तोड काढली. दोन ढीग करायचे. पानं चाचांकडं, ती कब्रस्तानात जातील. देवांचा ढीग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून मी स्वतः पैठणला नेणार. कोपऱ्यावरच्या काकूंनी, ज्यांचा शब्द गल्लीत चालायचा, मला विचारलं, नक्की नेणार ना? वाटेत कुठं पुलाखाली ओतणार नाही ना? मला राग आला. मी म्हटलं, काकू, मी खात्यात आयुष्य घातलंय, पाण्यात काय टाकावं काय नाही हे मला शिकवू नका. असं बोललो होतो मी.

दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. चाचांनी खुर्ची टाकून आडाजवळ मुक्काम ठोकला, जेवण पण तिथंच. पहिल्या दिवसाची पानं लगेच पुरून आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडार खालून ओरडला की झरा लागला. भिंतीच्या एका फटीतून पाणी यायला लागलं होतं, बोटाएवढी धार. मी त्या धारेचंच पाणी वर मागवलं. तपासणीची बाटली माझ्याकडं होती, छोटीशी, आत औषध लावलेली. तीत पाणी भरून दोन दिवस ठेवायचं, पाणी काळं पडलं तर पिऊ नये, नाही पडलं तर आशेला जागा आहे. बाटली भरून मी चाचांच्या दुकानात फळीवर ठेवली. खरं सांगतो, मला स्वतःला भरवसा नव्हता. चाचांना होता. ते म्हणाले, परवा मी पिऊन दाखवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोहऱ्यात चिखलाचा गोळा आला. वडारीण बाईनं वर पाणी ओतलं तसं तांबं दिसलं. तांब्या. तोंडाला फडक्याच्या चार चिंध्या. तिनं उपडा केला आणि काठावर बाळकृष्ण पडला, अन्नपूर्णा पडली, टाक पडला. माणसं वाकून बघायला लागली. कुणीतरी तांब्या पुसला, आणि गळ्यापाशी कोरलेलं नाव दिसलं. आईचं पूर्ण नाव, माहेरच्या गावासकट.

काकूंनी वाचलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बाकीच्यांनी बघितलं. चाचांना दिसत नव्हतं, त्यांनी हात पुढं केला. कुणीतरी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, बुडाचा पोचा चाचपला आणि म्हणाले, "भाभी का लोटा."

मग मला विचारलं, "कब डाला, बेटा?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. मी म्हटलं, "जुम्मे को."

त्यांनी तांब्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मग म्हणाले, "मैं नमाज को गया था, तब." विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मी मान खाली घातली.

त्या वेळी मी एवढंच बोलायला पाहिजे होतं की आईचे देव मी घरी नेतो. तांब्या छातीशी धरून दहा पावलं चालत घरात गेलो असतो, देव्हाऱ्यात ठेवला असता, तर काकू सुद्धा आपला गणपती घरी घेऊन गेल्या असत्या, निदान ट्रॉलीत तरी चढवू दिला असता. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. आणि तेवढ्यात, मरू दे, लपवून काय करू, मनात आलं की रोज पूजा कोण करणार. एवढ्या वेळात काकूंनी चाचांच्या हातातून तांब्या काढून घेतला.

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या लोकांना म्हणाल्या, "ह्या माणसानं स्वतःच्या आईचे देव हितं टाकले, आणि हा आपले देव पैठणला नेणार व्हय?" ट्रॉलीकडं कुणाचं तरी लक्ष गेलं. सकाळी तिच्यातून कुठला तरी राडारोडा नेला होता, तळाला विटांचा चुरा होता. मग तर कुणी ऐकूनच घेईना. काकूंनी देव परत तांब्यात भरले, आपल्या पदराचा काठ फाडून तोंड बांधलं, कपाळाला लावला आणि आडात सोडला. आपले देव आपल्याच आडात बरे, म्हणाल्या. त्यांच्यामागं दुसरी बाई आली, मग तिसरी. दोन दिवस जे वर काढलं ते दोन तासांत खाली गेलं. मोठा वडार आत होता, त्याला तांब्या सुटायच्या आधीच घाईघाईनं दोरानं वर ओढलं होतं. चाचांच्या बाजूच्या घरांतली पोरं पण पुढं आली, म्हणाली, ह्यांचं आत राहतंय तर आमचं कशाला बाहेर, आणि पानांची उरलेली गाठोडी त्यांनी पण सोडली. चाचा नक्को म्हणाले, पण खुर्चीतून उठायच्या आत झालं होतं. वडार मंडळी बिचारी काठावर बसून बघत राहिली. असलं काम आयुष्यात बघितलं नाही, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचांनी मला दुकानात बोलावलं. बाटली फळीवर होती. म्हणाले, दोन दिवस झाले, बघ. मी उजेडाकडं धरली. पाणी होतं तसंच होतं, काळ्याचा मागमूस नाही. मी परत परत बघितली. त्यांना दिसत नव्हतं म्हणून सांगावं लागलं. मी म्हटलं, चाचा, साफ आहे. ते म्हणाले, "मालूम था." मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो हात मला सोसला नाही.

बाटली घेऊन मी घरोघर फिरलो. कुणी बघितली, कुणी नाही. काकू म्हणाल्या, असंल चांगलं, पण आता त्यात देव आहेत, ते पाणी प्यायचं कसं? ह्याला माझ्याकडं औषध नव्हतं. पाऊस लागायच्या आधी स्लॅब पडला. चाचांनी शेवटचं एक मागितलं, की मधोमध झाकण ठेवा, आडाला हवा लागू द्या, कुणाला कधी अक्कल आली तर उघडता येईल. ते गल्लीनं ऐकलं. कुलूप लावलं आणि किल्ली कुणाकडं ठेवायची असं निघालं. चाचा म्हणाले, "चाबी इसके पास रहने दो. इसको मालूम है अंदर क्या है." कुणी हसलं नाही. मी किल्ली घेतली.

त्यानंतर चाचा पाच-सहा वर्षं जगले. बोलायचे माझ्याशी, चहा पाजायचे, त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. खळ नळाच्या पाण्याची करायला लागले. आंबते, म्हणायचे. मी वाद घालत नव्हतो. झाकण मी एकदाही उघडलं नाही. भीती वाटायची.

ते गेले त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, जायकवाडी भरली होती, तरी नळ आठव्या दिवशीच. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर त्यांचा धाकटा मुलगा सकाळी माझ्या दारात आला. गुणी आहे पोरगा, कंपनीत कामाला, मला काका म्हणतो. हातात पांढऱ्या कापडात शिवलेलं मोठं गाठोडं. म्हणाला, अब्बांचं कुराण आहे, त्यांनी स्वतः बांधलेलं, पानं पार गळून गेलीत, ठंडं करायचंय. किल्ली द्या.

मी म्हटलं, बाळा, तुझे अब्बा पानं पुरायचे, कब्रस्तानात. पाण्यात कधी टाकू दिलं नाही त्यांनी.

तो म्हणाला, तिथं आता विचारावं लागतंय, जागा नाही, आणि माझी बस आहे सात चाळीसची. मग अगदी मायेनं म्हणाला, "काका, तुमच्या आईचे देव पण हितंच हायेत ना. अब्बा सांगायचे, भाभी के भगवान मेरे सामनेच हैं म्हणून. रोज सकाळी दुकान उघडलं की आडाकडं बघून सलाम करायचे."

हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं समोर राहून मला माहीत नव्हतं. मी काय बोलणार होतो? कुठल्या तोंडानं? किल्ली खिळ्यावरून काढली आणि त्याच्या हातात दिली.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. त्यानं कुलूप उघडलं, झाकण उचललं, बिस्मिल्ला म्हटलं आणि दोन्ही हातांनी गाठोडं सोडलं. मला वाटलं आवाज यायला वेळ लागेल, किंवा येणारच नाही, कचऱ्यावर कचरा पडल्यासारखा धप्प होईल. पण लगेच आला आवाज. पाण्याचा. भरलेल्या आडाचा.

पोरगा किल्ली परत द्यायला आला. हात ओला झाला होता त्याचा, शर्टाला पुसत म्हणाला, "काका, पाणी लई वर आलंय. हात घातला तर लागतंय."

मी बरं म्हटलं. किल्ली खिळ्याला अडकवली. त्या दिवशी आठवा दिवस होता, आणि नळाला पाणी आलं नव्हतं.